काम अंगाच्या मापाचे असावे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्हांला संकोच वाटला. व्याख्याने देण्याचा आमचा अभ्यास नाही. आमच्या आयुष्याची तीस वर्षे रुग्णालयातील एका लहानशा खोलीत, पोटाच्या विकारांची दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या बाजूला परिचारिका म्हणून उभे राहण्यात गेली. त्या खोलीबाहेरचे जग आम्ही फारसे पाहिले नाही. तथापि त्या खोलीत जे पाहिले आणि जे स्वतःच्या अंगावर सोसले, ते आपल्या समाजातील अनेक घरांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून ही आज्ञा आम्ही शिरसावंद्य मानली. आजचा आमचा विषय रोग्यांच्या दुखण्याचा नाही. रोग्यांची सेवा करणाऱ्यांच्या दुखण्याचा आहे.

हा विषय सुचण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. दिवाळीच्या आधी आमच्या घरी फराळाचे काम चालले होते. आमच्या बहिणीची मुलगी मदतीला आली होती. परिचर्येचे शिक्षण पुरे करून ही मुलगी चार वर्षांपासून एका रुग्णालयात, आम्ही करीत होतो त्याच कामावर, म्हणजे दुर्बीण तपासणीच्या विभागात, नोकरीस आहे. चकलीचे पीठ भरून तिने सोऱ्या दाबावयास घेतला आणि एकदम हात मागे ओढला. तिचा चेहरा पाहूनच आम्ही ओळखले. तिला अंगठा मुठीत धरावयास सांगून आम्ही तिचे मनगट करंगळीच्या बाजूस किंचित वाकवले मात्र, ती कळवळली. मग दाराकडे पाहत हळूच म्हणाली, “मावशी, आईला सांगू नकोस. स्थळाचं बोलणं चाललं आहे. आणि कामावर कळलं तर ही पोरगी कामाची नाही म्हणतील.”

बंधुभगिनींनो, हेच वाक्य थोड्याफार फरकाने आम्ही स्वतः एके काळी मनाशी म्हटले होते. आणि ते म्हणण्यात घालवलेल्या वर्षांची किंमत आमचा उजवा हात अजून देत आहे. आपल्या घरांत ही गोष्ट लपवली जाते, ती कशामुळे लपवली जाते, आणि ती लपवू नये असे आम्हांस का वाटते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आपला समाज शिंप्यांचा. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी येथील बाजारांत आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या कातर आणि सुई चालवली. आमचे वडील हिंगणघाटच्या बाजारात शिलाईचे दुकान चालवीत. तरुणपणी ते मांडी घालून हातशिलाई करीत, पुढे पायमशीन आले. मशीन आले तरी मान वाकलेली ती वाकलेलीच राहिली. लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत कंदिलाच्या उजेडात काज-बटणे चालत. पहाटे उठताना त्यांना भिंतीचा आधार लागे. आई तिळाचे तेल कोमट करून त्यांच्या मानेला आणि कमरेला चोळी. कोणी विचारले तर ते हसून म्हणत, “शिंप्याची मान वाकायचीच.” आम्ही भावंडे त्या वाकलेल्या मानेकडे कष्टाची खूण म्हणून अभिमानाने पाहत असू. ते दुखणे आहे, आणि ते टाळता आले असते, हा विचार आम्हां कोणाच्याही मनास शिवला नाही.

हे दुखणे फार जुने आहे. इटली देशात बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक थोर वैद्य होऊन गेले. त्यांनी १७०० साली निरनिराळ्या कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला वैद्य जे प्रश्न विचारतात त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी, आणि तो म्हणजे त्याचा धंदा कोणता, असे त्यांनी सुचवले. त्या ग्रंथात विणकर आहेत, लेखनिक आहेत, आणि आपले शिंपीही आहेत. पाय मुडपून, पुढे वाकून दिवसभर शिवणाऱ्या शिंप्यांच्या पायांना मुंग्या येतात, कंबर व मांडी धरते आणि पाठीस बाक येतो, असे त्या वैद्याने तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. आमच्या वडिलांना हे कोणी वाचून दाखवले असते तर दूरदेशीच्या त्या वैद्याला त्यांनी जवळचा सोयराच मानले असते.

पुढे काळ पालटला. तयार कपड्यांची दुकाने झाली आणि आपली मुले-मुली शिक्षणाकडे वळली. वर्धा जिल्ह्याचे भाग्य असे की सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांच्या परिश्रमाने कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले आणि १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. पुढे १९९० साली सावंगी येथे दुसरे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. रुग्णालये वाढली तशी परिचारिका, तंत्रज्ञ आणि मदतनीस यांची गरजही वाढली. आज या सभागृहात बसलेल्या कितीतरी घरांतील मुलगी, सून किंवा मुलगा कोठल्या ना कोठल्या रुग्णालयात नोकरीस आहे. आपल्या हातचा सुईदोरा सुटला. परंतु अंग मोडून काम करण्याची आणि त्याविषयी अवाक्षर न काढण्याची सवय मात्र आपण बरोबर घेऊन गेलो.

आता ही दुर्बीण तपासणी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. माणसाच्या पोटात डोकावण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न १८६८ साली जर्मनीत कुस्मौल नावाच्या डॉक्टरांनी केला. नळी सरळ आणि कडक होती. ती गिळण्यास त्यांना तलवारी गिळणारा एक खेळकरी आणावा लागला! पुढे काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंतून प्रकाश वळवून नेण्याची विद्या साधली. पंजाबात जन्मलेले आपले नरिंदरसिंग कपानी यांनी इंग्लंडमध्ये प्रा. हॉपकिन्स यांच्यासह केलेले त्याविषयीचे संशोधन १९५४ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आधारे अमेरिकेत डॉ. हिर्शोविट्झ यांनी १९५७ साली वाकणारी दुर्बीण तयार केली आणि ती प्रथम स्वतःच्याच घशातून आत घालून पाहिली. आज तिच्या टोकाला सूक्ष्म कॅमेरा असतो आणि आतले चित्र पडद्यावर दिसते. कापाकापी न करता पोटातला व्रण दिसतो, रक्तस्राव थांबवता येतो, मोठ्या आतड्यातली गाठ वेळीच काढता येते. असंख्य प्राण या यंत्राने वाचवले आहेत, तेव्हा कोणी ही तपासणी करून घेण्यास कचरू नये, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

परंतु ज्या हातांनी हे यंत्र चालते त्या हातांकडे आता पाहू. दुर्बिणीची मूठ डॉक्टरांच्या डाव्या हातात असते. तीवर दोन चाके असतात. मोठे चाक टोकाला वर-खाली वळवते, लहान चाक डावीकडे-उजवीकडे. ही चाके मुख्यतः डाव्या अंगठ्याने फिरवावी लागतात. त्याच हाताच्या बोटांनी हवा, पाणी व शोषण यांच्या कळा दाबाव्या लागतात. उजवा हात नळी आत सारतो, बाहेर ओढतो आणि पीळ देतो. या मुठीचे मूळ रूप अनेक दशकांत फारसे बदललेले नाही. हात मोठा असो की लहान, मूठ एकच. आपल्यातला नवशिका कारागीरही सर्व गिऱ्हाइकांना एकाच मापाचा सदरा शिवणार नाही. मात्र लाखो रुपयांच्या या यंत्राला हाताचे माप ठाऊक नसते. लहान हाताच्या डॉक्टरांचा अंगठा लहान चाकापर्यंत नीट पोहोचत नाही, आणि ताणून पोहोचवला की अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायूंच्या दोऱ्या सुजतात.

हे दुखणे किती पसरले आहे? अमेरिकेत पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या १,६९८ सभासदांची पाहणी केली व तिचा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील शंभरांपैकी पंचाहत्तर जणांनी या कामामुळे इजा झाल्याचे सांगितले. अंगठा, मान, हाताची बोटे आणि कंबर ही दुखण्याची मुख्य ठिकाणे होती. जेथे साधनसामग्रीची वाण नाही तेथील ही अवस्था आहे.

डॉक्टरांच्या दुखण्याची निदान मोजदाद तरी होते. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेची आणि मदतनिसाची कथा त्याहून मागे राहते, आणि आपल्या घरांतील बहुतेक मंडळी त्याच बाजूला उभी आहेत.

मोठ्या आतड्याची तपासणी करताना काय घडते, ते आपल्या धंद्यातील उदाहरणाने चटकन ध्यानी येईल. लेंग्याच्या नेफ्यात आपण नाडी ओवतो. नाडी पुढे ढकलावी तर कापड मागे गोळा होते आणि टोक जागचे हलत नाही. मग आपण दुसऱ्या हाताने बाहेरून कापड आवळून धरतो. मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे, मऊ आणि वळणावळणाचे. दुर्बीण ढकलली की ते ताणले जाते आणि नळीचा वेटोळा होतो. अशा वेळी डॉक्टर म्हणतात, “सिस्टर, पोट दाबा.” परिचारिका रोग्याच्या पोटावर वाकून दोन्ही हातांनी बाहेरून दाब देते. रोगी स्थूल असेल तर सारे बळ लावावे लागते, आणि दाब कधी सोडावयाचा हे पडद्यावरच्या चित्रावर अवलंबून असते. त्या वेळी तिची कंबर वाकलेली, मनगटे मागे मुडपलेली आणि मान पडद्याकडे वळलेली असते. असे रोगी दिवसाकाठी कित्येक येतात.

तपासणी संपली तरी काम संपत नाही. भूल चढलेल्या रोग्याला कुशीवरून उताणे करावयाचे, एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर न्यावयाचे. मग दुर्बीण धुण्याच्या टाकीपाशी जावयाचे. दुर्बिणीच्या आतील बारीक नळ्यांतून लांब ब्रश पुन्हा पुन्हा घालून त्या घासाव्या लागतात. घासण्यात कसूर झाली तर पुढच्या रोग्याला जंतुसंसर्ग होण्याचे भय. टाकी ठेंगणी असेल तर पाठ वाकते, उंच असेल तर खांदे वर चढतात. निर्जंतुक करण्यासाठी वर्षानुवर्षे ग्लुटाराल्डिहाईड नावाचे द्रावण वापरले गेले. त्याच्या वाफेने डोळे चुरचुरतात, हाताची कातडी उकलते, आणि कित्येकांना दमाही जडतो. पित्तनलिकेतील खडे काढण्याच्या कामी क्ष-किरणांचा उपयोग होत असल्याने शिशाचा जड अंगरखा घालून तासन्‌तास उभे राहावे लागते. त्याचे सारे ओझे खांद्यांवर व कण्यावर येते.

आता थोडे स्वतःविषयी. ज्या रुग्णालयात आम्ही होतो त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. तेथील माणसे वाईट नव्हती. आम्ही चणीने लहान. धुण्याची टाकी कोणा उंच माणसाच्या मापाने बसवलेली होती. आम्ही टाचा उंचावून, कोपरे वर धरून वर्षानुवर्षे दुर्बिणी घासल्या. प्रथम रात्री अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागे. मग सकाळी कणीक मळताना, पुढे चादर पिळताना कळ येऊ लागली. एकदा धीर करून वरिष्ठांना सांगितले, तर उत्तर मिळाले की हात सर्वांचेच दुखतात. त्यानंतर आम्ही कोणालाही काही सांगितले नाही. फडके आवळून बांधावे, वर लांब बाहीचा झगा घालावा, आणि हसतमुखाने उभे राहावे. घरी सासूबाईंना वाटे की सून नोकरीवाली म्हणून कामचुकार झाली. आम्ही तोही आरोप मुकाट्याने सोसला, कारण खरे सांगितले असते तर नोकरी सोड म्हटले असते.

अखेर एके दिवशी हातातून दुर्बीण निसटली. ती जमिनीवर आपटण्यापूर्वी आम्ही कशीबशी पोटाशी धरली. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. आपण दुखणे लपवतो ते केवळ आपल्यापुरते राहत नाही, आपल्या हातात दुसऱ्याचा प्राण असतो, हे त्या रात्री उमगले. दुसऱ्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना हात दाखवला. त्यांनी सांगितले, “बाई, पहिल्या वर्षी आला असतात तर पट्टी आणि विश्रांती यांवर भागले असते.” पुढे औषधे झाली, सुई झाली, शस्त्रक्रियाही झाली. ठणका गेला; पकड मात्र पूर्वीसारखी आली नाही.

त्याच सुमारास वृद्ध वडील आमच्याकडे आले होते. सारी हकीकत ऐकून त्यांनी विचारले, “टाकी किती उंच आहे? आणि तू किती उंच आहेस?” मग म्हणाले, “अगं, आपण कापड अंगावर बेततो; अंग कापडावर बेतत नाही. शिलाई चुकली तर उसवता येते. अंग उसवून पुन्हा शिवता येत नाही.” स्वतःची मान आयुष्यभर वाकवलेल्या माणसाने हे म्हणावे, याचे आम्हांला फार वाईट वाटले आणि डोळेही उघडले. आम्ही सुताराकडून वीतभर उंचीचा, न घसरणारा रुंद पाट करवून घेतला आणि टाकीपुढे ठेवला. क्षुल्लक खर्चाची गोष्ट! आमचे खांदे खाली आले. आमच्यामागून आलेल्या ठेंगण्या मुलींनीही तो पाट वापरला. तो दहा वर्षे आधी का केला नाही, याचे उत्तर एवढेच की आम्ही दोष टाकीत न शोधता आपल्या अंगात शोधीत होतो.

माणसाला कामाच्या मापात न कोंबता काम माणसाच्या मापाचे करावे, याला आता एक स्वतंत्र शास्त्र आहे. एर्गोनॉमिक्स हे त्याचे नाव पोलंडमधील एका शास्त्रज्ञाने १८५७ साली सुचवले. आपल्या देशातही या दिशेने काम झाले आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली भारतीय माणसांच्या शरीरांची मापे एका ग्रंथात प्रसिद्ध केली, ती अशासाठी की खुर्ची, टेबल, हत्यार हे परदेशी अंगाच्या मापाने न करता आपल्या अंगाच्या मापाने व्हावे. शिंप्याच्या फितीचे महत्त्व एका राष्ट्रीय संस्थेनेच मान्य केले, असे आम्ही गमतीने म्हणतो.

किंबहुना हा विचार आपल्या वर्ध्याला तर मुळीच नवा नाही. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी मननीय आहेत. यंत्र हलके असावे. खेड्यातील साध्या झोपडीत हाताने वा पायाने चालावे. किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. आणि एखाद्या स्त्रीला त्यावर फारसे कष्ट न होता सलग आठ तास काम करता यावे. त्या काळी १ लाख रुपयांच्या यंत्राची कसोटी काय, तर काम करणाऱ्या बाईच्या अंगाला ते सोसते की नाही! सर्व अटी पुऱ्या करणारे यंत्र निघाले नाही आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही. परंतु अट मागे घेतली गेली नाही. प्रभुदास गांधी यांनी तयार केलेला मगन चरखा पायाने चाले आणि दोन्ही हात सूत काढण्यास मोकळे राहत. १९३८ साली सुरू झालेले मगन संग्रहालय आपल्या वर्धा शहरातच आहे. मुलांना घेऊन जावे आणि तेथील चरखे, हत्यारे पाहताना हे कोणाच्या हाताच्या मापाचे आहे, असे त्यांना विचारावे.

गांधीजींची आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९०९ साली आगबोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिताना उजवा हात थकला, तेव्हा त्यांनी सुमारे चाळीस पाने डाव्या हाताने लिहिली. हात दुखतो हे त्यांनी मान्य केले आणि उपाय योजला. त्यांत त्यांना कमीपणा वाटला नाही. दुर्बिणीच्या चाकाला मात्र डावा अंगठाच लागतो, तो बदलता येत नाही. म्हणून तेथे उपाय भोवतालच्या मांडणीत शोधावा लागतो.

ते उपाय आता चांगले ठाऊक झाले आहेत. अमेरिकेतील दुर्बीणतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली या विषयावर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. काम शिकवतानाच अंगाची ठेवण शिकवावी, मध्ये मध्ये विसावा घ्यावा, पडदा व खाट योग्य उंचीवर ठेवावी आणि पायांखाली मऊ चटई असावी, हा त्यांचा सारांश. त्यात अनुभवाची भर घालून आम्ही जे सांगतो ते आपल्या घरातील कामकरी मंडळींनी नीट ऐकावे.

पडदा बाजूला न ठेवता अगदी समोर असावा आणि त्याचा मध्य डोळ्यांच्या रेषेच्या किंचित खाली यावा. मान वर करून पाहावे लागले तर पडदा उंच आहे असे समजावे. खाट कोपराच्या उंचीला किंवा त्याखाली चार बोटांच्या, फार तर १० सेंटिमीटरच्या अंतराने असावी. खाट वरखाली करण्याची कळ असूनही ती कोणी फिरवीत नाही, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. रोगी बदलला, डॉक्टर बदलले की ती फिरवावी. दोघांच्या उंचीत फार अंतर असेल तर ठेंगण्याने पाटावर उभे राहावे. त्यात लाज कसली?

पोट दाबण्याची वेळ आली तर आधी डॉक्टरांना नम्रपणे विचारावे की रोग्याची कूस बदलून किंवा नळी थोडी मागे घेऊन वेटोळा सुटेल काय. पुष्कळदा सुटतो. दाबावेच लागले तर खाटेला चिकटून उभे राहावे, कोपरे सरळ ठेवून शरीराच्या भाराने दाब द्यावा. नुसत्या मनगटाच्या बळाने देऊ नये. हात थरथरू लागला की दुसऱ्याला बोलवावे. रोग्याला एकट्याने उचलू नये. रोगी हलवताना हाताने उचलण्याच्या वजनाची मर्यादा अमेरिकेतील तज्ज्ञांनी ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो, मानली आहे. एवढे वजन तर माणसाच्या एका पायाचेही भरू शकते. तेव्हा चादरीने सरकवावे, चौघांनी मिळून सरकवावे. द्रावणाच्या भांड्यावर झाकण, खोलीस वाहती हवा, हातांत योग्य मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. शिशाचा अंगरखा दोन भागांचा मागावा. त्याच्या खालच्या भागाचे वजन कमरेवर येते आणि खांदे सुटतात. आणि दोन रोग्यांच्या मधल्या वेळात अर्धा-एक मिनिट तरी हात सैल सोडावेत, खांदे फिरवावेत, दूर पाहावे. जुने शिंपीसुद्धा दोरा ओवण्याच्या निमित्ताने मान वर करीत असत.

हे झाले कामाच्या जागेचे. परंतु आम्ही आज रुग्णालयात भाषण करीत नाही, समाजाच्या सभेत करीत आहो. आणि आमचे खरे मागणे घरांपाशी आहे. दुखण्याची पहिली वर्दी घरातच मिळते. मुलीला कणीक मळता येईना, बरणीचे झाकण फिरेना, बादली डाव्या हातात जाऊ लागली, रात्री बोटांना मुंग्या येऊन ती हात झटकत उठू लागली, सकाळी मान वळेना, की तिला आळशी म्हणू नका आणि नुसते तेलही चोळत बसू नका. “कामावर काय करतेस, ते मला उभी राहून दाखव,” असे विचारा. रामाझ्झिनींचा तो जुना प्रश्न घरातील आईने विचारला तर डॉक्टरांनी विचारण्याच्या आधी निम्मे काम होईल. सासरच्या मंडळींनाही आमची विनंती आहे. नोकरी करणारी सून हवी, तिचा पगार हवा, तर तिच्या हाताचे दुखणेही आपलेच मानावे. कामाने दुखावलेला हात हे स्थळात खोट काढण्याचे कारण होऊ शकत नाही. तसे कोणी काढीत असेल तर ते स्थळच आपल्या मापाचे नव्हे.

मंडळालाही एक सूचना करतो. आपल्या समाजातील जी मंडळी रुग्णालयांत काम करतात त्यांना वर्षातून एकदा याच स्नेहसंमेलनाच्या दिवशी एकत्र बसवावे. कोणाच्या विभागात खाट ठेंगणी, कोठे टाकी उंच, कोणाला काय उपाय सापडला, हे त्यांनी एकमेकांना मोकळेपणाने सांगावे. एकट्या मुलीने तक्रार केली तर ती कुरकुर ठरते. दहा जणींनी मापे घेऊन, कागदावर लिहून, नम्रपणे वरिष्ठांपुढे ठेवली तर ती सूचना ठरते. मापे घेण्यास फीत लागेल. ती आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी आहे.

आमच्या त्या भाचीचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. त्याच संध्याकाळी आम्ही आमच्या बहिणीला सारे सांगितले. मुलगी दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. मग मायलेकी मिळून डॉक्टरांकडे गेल्या. सहा आठवडे पट्टी झाली, आणि तिच्या विभागातील प्रमुखांनी समजूतदारपणे तिला काही काळ नोंदीचे काम दिले. तिचा हात पूर्ण बरा होईल की नाही, हे आजच सांगता येत नाही. परंतु चौथ्या वर्षी कळले, चौदाव्या वर्षी नव्हे, यात आम्ही समाधान मानतो. स्थळाच्या मंडळींना तिच्या आईने स्वतः होऊन सर्व सांगितले. त्यांनी बोलणे मोडले नाही. उलट मुलाच्या आईने विचारले की तिचे स्वतःचे मनगटही कित्येक वर्षे दुखते, ते कोणाला दाखवावे? त्या बाई घरी शिलाईच करतात.

आमचे वडील आज हयात नाहीत. त्यांची कातर आणि फीत आमच्याकडे आहे. त्या फितीने त्यांनी गावातील सावकारापासून हमालापर्यंत सर्वांची मापे घेतली. स्वतःच्या बैठकीचे माप मात्र कधी घेतले नाही. ती चूक आपल्या मुलांनी पुन्हा करू नये, एवढीच इच्छा.